हिरवा दिवा लागेपर्यंत

“हिला कुठे ठेवू?” असं त्याने विचारलं. तेही मला नाही, शेजारच्या माणसाला.

रस्त्याच्या मधोमध, पांढऱ्या पट्ट्यांवर माझी गाडी बंद पडली होती. गाडी म्हणजे माझी बॅटरीवर चालणारी चाकाची खुर्ची. घरात तिला खुर्ची म्हटलेलं बाबांना खपत नाही. खुर्ची बसायला असते, ही हिंडायला आहे, असं त्यांचं म्हणणं. घरातून निघाले तेव्हा पुढच्या पट्टीवर पाचही दिवे लागलेले होते. चढ लागला तसे तीन झाले, चौकात एक, तोही लाल आणि लुकलुकणारा, आणि पट्ट्यांच्या बरोब्बर मध्ये आल्यावर तोही गेला. मी उजव्या हाताखालची दांडी पुढे रेटत होते आणि गाडी हूं की चूं करत नव्हती. वाहनांचा दिवा हिरवा झाला, भोंगे सुरू झाले. मग एक फळवाला आणि एक पिशवीवाला असे दोघे धावत आले. बंद पडलेली गाडी नुसती ढकलून हलत नाही. मागे खाली दोन खटके असतात, ते फिरवले तरच चाकं मोकळी होतात, आणि नेमके तिथेच माझे हात पोचत नाहीत. मी त्यांना खटके सांगितले, त्यांनी फिरवले, ढकललं, आणि कडेला आल्यावर फळवाल्याने पिशवीवाल्याला तो प्रश्न विचारला. पिशवीवाल्याने दिव्याचा खांब दाखवला. मला खांबाजवळ ठेवण्यात आलं. माणसं भली होती, पाणी हवं का म्हणून विचारलं, एक मोसंबंही दिलं. मी आभार मानले. पण तो प्रश्न कानात तसाच बसून राहिला. कारण खरं सांगायचं तर, गेले चार-पाच महिने मी स्वतःलाच हे विचारत होते. हिला कुठे ठेवू.

मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढते. जमिनीखालचे नळ, त्यांची जाडी, त्यांचा उतार. या शहरातला कोणता रस्ता किती चढतो हे मला पायांनी नाही, नळांनी शिकवलं. पाणी जिकडून सुखाने उतरतं, तिकडूनच मला चढायचं असतं. एकोणिसाव्या वर्षी मणक्यात गाठ निघाली. ती काढली तेव्हा गाठीबरोबर पायही गेले. त्यानंतर सोळा वर्षं हातांनी चाकं फिरवली, मग खांद्यांनी राम म्हटला आणि ही गाडी आली. गाडी आली तेव्हा मी शहर पालथं घातलं होतं. कचेरीतून सुटले की तळ्याला फेरी, बुधवारी ग्रंथालय, रविवारी चढावर राहणारी कॉलेजातली मैत्रीण. लोकांना हे काही विशेष वाटणार नाही. मला मात्र तेव्हा पंख फुटल्यासारखं झालं होतं, आणि बाबा चिडवायचे की ठकी आता घरी पाहुणी म्हणून येते. ठकी मी. लाकडाच्या बाहुलीला म्हणतात ते. पाय जायच्या आधीपासूनचं नाव आहे, म्हणून चालतं.

मग कधीतरी तळं सुटलं. परत येताना शेवटच्या वळणावर लाल दिवा लुकलुकला आणि छातीत धस्स झालं, एवढंच झालं होतं. म्हटलं, तळ्यावर तसे डासही फार असतात. मग ग्रंथालय सुटलं, त्या रस्त्याला एक दगडी चढ आहे. मग मैत्रीण. तिला आधी सर्दी सांगितली, मग पाहुणे सांगितले, मग सांगण्यासारखं काही उरेना तेव्हा फोन करणंच सोडलं. स्वतःला सांगितलं की चाळिशी उलटली, माणूस आटोपतं घेतं. या आटोपतं घेण्यात एक खोटा शहाणपणा असतो, तो अंगावर शालीसारखा ओढून मी बसले होते. घर ते कचेरी, कचेरी ते घर, अकरा मिनिटं. आणि आज त्या अकरा मिनिटांतल्या सातव्या मिनिटाला मी खांबाजवळ हातात मोसंबं घेऊन बसले होते. गाडीकडे बोट दाखवावं असं मला एकदाही सुचलं नाही, याचं आता नवल वाटतं. रोज सकाळी पाच दिवे दिसायचे ना. पाच दिवे असून आपल्याला जाववत नाही, म्हणजे खोट आपल्यातच, असं मी धरून चालले होते.

मी फोन केला तशा दुरुस्तीच्या दुकानातल्या बाई त्यांचा टेम्पो घेऊन आल्या. फळ्या लावून मला गाडीसकट आत चढवलं आणि दुकानात नेलं. दुकान म्हणजे अरुंद बोळ, दोन्ही भिंतींना चाकं टांगलेली, रबराचा आणि चहाचा मिसळलेला वास. बाई पन्नाशीच्या, बोलायला फटकळ, हाताला हलक्या. मला एका जुन्या सोफ्यावर सरकायला लावून त्यांनी गाडीचं आसन उचललं, खालच्या दोन काळ्या बॅटऱ्या उघड्या केल्या, मीटरच्या दोन सुया लावल्या. आकडा बरा आला. मग त्यांनी बॅटरीवर कसलंसं ओझं टाकलं, म्हणजे तिला काम करायला लावलं, तसा आकडा विहिरीत दगड पडावा तसा खाली गेला.

“मेल्या या,” त्या म्हणाल्या. “वरवर भरलेल्या दिसतात, आत काही नाही. दूध उतू आलं म्हणजे पातेलं भरलं असं नसतं ना, ताई. तसलं.”

“पण दोन वर्षंसुद्धा झाली नाहीत.”

“तेच मी बघतेय. आधीची जोडी चार वर्षं गेली होती तुमची. मीच बदलली होती. गाडी तीच, रस्ता तोच, बाई तीच. मग बदललं काय?”

मी म्हटलं, काहीच नाही. त्यांनी विचारलं, चार्जिंग कोण करतं, केव्हा लावता, केव्हा काढता. मी सांगितलं की वडील लावतात, संध्याकाळी साडेपाचला मी घरी आले की लगेच, अगदी देवाला फूल वाहावं तसं न चुकता, आणि साडेनऊला झोपायच्या आधी काढतात.

“चार तास?” बाई सुई खाली ठेवून म्हणाल्या. “हिला आठ-दहा तास लागतात. रोज अर्धपोटी उठवलीत तुम्ही. अर्धपोटी राहून राहून आत खडा धरला, आता भरवली तरी घेणार नाही. हिरवा दिवा लागलेला कधी बघितलात?”

आणि मला तो दिवा आठवला. म्हणजे दिसलाच. पहाटेची अर्धवट झोप, खोली अजून काळपट, आणि पायांच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर उंचीवर चार्जरचा एक हिरवा ठिपका. पूर्वी मी त्याच्याकडे बघत पडून राहायचे. आज कुठे जायचं ते ठरवायची ती वेळ. तो ठिपका मला दोन वर्षांत दिसलेला नव्हता. घरातली एखादी वस्तू नाहीशी व्हावी आणि कुणाच्या लक्षात येऊ नये, तसा तो गेला होता, आणि त्याच्याबरोबर माझी ठरवण्याची वेळही. पहाटे मला आताशा जागच येत नाही. मी त्याला गाढ झोप समजत होते.

“काढतात कशाला पण?” बाईंनी विचारलं.

“अग्निशामक दलात होते.”

“मग झालंच,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. “दुधाने तोंड पोळलेलं, ताक फुंकणारच.” पण त्यांनी बाबांना खुळ्यात काढलं नाही, हे मला आवडलं. नव्या बॅटऱ्यांचे स्क्रू पिळता पिळता त्या मला बजावत राहिल्या. भीती खोटी नाही, मी जळलेली गाडी बघितली आहे. म्हणून अंथरुणाला खेटून लावायची नाही, तुमची आत्ता तिथेच असते ना, ती हलवा. दाराच्या वाटेतही नको. खाली फरशी पाहिजे, गालिचा नको, वर ओला टॉवेल वाळत घालणारेही महाभाग आहेत. गाडीबरोबर आला तोच चार्जर, दुसऱ्याचा मागून आणलेला नाही, आणि भिंतीतल्या प्लगात थेट, लांबवलेल्या वायरीवर नाही. चार्जर गरम होईल तेवढा होऊ दे, पण हात ठेववेना, वास आला, बॅटरी फुगली, तर हात लावायचा नाही, मला बोलवायचं. पण एकदा लावली की हिरवा दिवा लागेपर्यंत काढायची नाही. जेवढी हिंडाल तेवढी त्याच दिवशी भरायची, पार तळ गाठेपर्यंत थांबायचं नाही. “आणि आणखी दोन वर्षांनी रडत आलात तर मी आत घेणार नाही,” असं म्हणून त्यांनी आसन खाली टाकलं. मी परत गाडीत सरकून दांडीला बोट लावलं मात्र, गाडी अशी काही उसळली की भिंतीवरची दोन चाकं खाली आली.

त्या उसळीने मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण घरी येताना दगडी चढ मुद्दाम चढून, एकही दिवा न गमावता वर पोचले तेव्हा माझ्या डोक्यात बाईंचा प्रश्नच फिरत होता. बदललं काय? बाबा निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली. आगीची भीती त्यांना पहिल्यापासूनच. मी लहान असताना ते कामावरून आले की आधी अंगणात डोकं धुवायचे आणि ओल्या केसांनी घरभर फिरून प्लग उपटायचे. आई म्हणायची, यांच्या राज्यात इस्त्रीसुद्धा जीव मुठीत धरून तापते. तरी पहिली चार वर्षं माझी गाडी रात्रभर भरत होती. तेव्हा भीती नव्हती का? घरातले आगीचे भोंगे तेव्हाही दोन होते, महिन्याच्या पहिल्या तारखेला काठीने दाबून बघायचा कार्यक्रम तेव्हाही होता. म्हणजे दोन वर्षांपूर्वी असं काही झालं की भोंग्यांवरचा त्यांचा भरवसा उडाला. चढाच्या माथ्यावर मी गाडी थांबवली, आणि मला न्हाणीघर आठवलं.

साधी सकाळ होती. आंघोळीच्या स्टुलावरून मला उचलून गाडीत ठेवणं हे बाबांचं रोजचं काम. एक हात पाठीमागे, एक गुडघ्यांखाली, आणि “चला बाईसाहेब” असं म्हणून एका दमात. आगीतून माणसं काढलेले हात, त्यांना मी म्हणजे किस झाड की पत्ती. त्या दिवशी त्यांनी उचललं, आणि लगेच खाली ठेवलं. पडू दिलं नाही, अगदी नीट ठेवलं. त्यांचा चेहरा माझ्या चेहऱ्यापासून वीतभर होता आणि ते माझ्याकडे बघत नव्हते, माझ्यामागच्या नळाकडे बघत होते. मग म्हणाले, “जड झालीस गं ठके. कचेरीत नकाशे खातेस का?” मला राग आला. त्या दिवशी मी रात्री जेवले नाही. आठवड्याने बाबांनी एक फळी आणली, घासून घासून काचेसारखी केलेली, दोन्ही टोकं निमुळती. अंथरुणातून गाडीत, गाडीतून स्टुलावर, फळीवरून सरकत जायचं. “आता तू स्वतंत्र,” ते म्हणाले. मी इतकी खूश झाले, इतकी, की दुसरं काही बघायचं राहूनच गेलं. त्याच आठवड्यापासून साडेनऊला प्लग निघायला लागला होता.

बापाची पाठ गेली आणि मी ती फळी मिरवत बसले. चढाच्या माथ्यावर, लोकांच्या देखत मला रडू आलं आणि ते मी आवरलं नाही.

घरी पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. बाबा दार उघडं टाकून, स्वतः बांधलेल्या सिमेंटच्या उतारावर उभे होते. बंद पडल्याचं मी फोनवर सांगितलं होतं, कारण सांगितलं नव्हतं. त्यांनी आधी माझ्याभोवती एक चक्कर मारली, मग गाडीभोवती.

“काय म्हणाल्या बाई?”

“बॅटऱ्या गेल्या होत्या. नव्या टाकल्या.”

“हल्ली मालच हलका येतो,” असं म्हणून ते चहा टाकायला आत वळले. माझ्याजवळ एक वाट होती. हो म्हणायचं, माल हलका येतो. मग आणखी दीड-दोन वर्षं, पुन्हा तळं, ग्रंथालय, मैत्रीण एकेक करून विझवायचं आणि चाळिशीला नाव ठेवायचं. बाबांचं मन राखायला हे फार महाग होतं असंही नाही. मी विचार केला, खरंच केला. आणि मला फळवाला आठवला.

“बाबा, पाठ कधीपासून दुखते?”

गॅसपाशी त्यांचा हात थांबला. “कुणी सांगितलं?”

“बॅटरीने.”

मी सगळं सांगितलं. आठ-दहा तास, अर्धपोटी, खडा. ‘तुमच्यामुळे’ हा शब्द मी एकदाही उच्चारला नाही, पण ते खुळे नाहीत. त्यांनी गॅस बंद केला आणि समोर येऊन बसले. कानातलं यंत्र बोटाने नीट केलं, जसं काही मी अजून बरंच बोलणार आहे.

“चार माणसं मी अंथरुणात बघितली आहेत, ठके,” ते म्हणाले. “नोकरीभरात चार. चौघांनाही चालता येत नव्हतं. बाकीचे खिडकीतून उड्या मारतात, जिन्यात सापडतात, कुठे ना कुठे गेलेले असतात. ही चार जागच्या जागी. पूर्वी मला वाटायचं, भोंगा वाजला की मी आहे. दोन वर्षं झाली. मला तुला उचलता येत नाही.”

हे वाक्य त्यांनी हिशेब संपल्यासारखं सांगितलं. मला त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की मी भलतंच बोलले. म्हटलं, मग नकाशे कमी खायचे होते मी. ते हसले नाहीत.

“मी जागत जाईन,” ते म्हणाले. “आठ तास काय, बसून काढीन.”

“चौऱ्याहत्तर वर्षांचे पहारेकरी. तिसऱ्या दिवशी तुम्हालाच चार्जरला लावावं लागेल.”

“मग कसं करायचं? गाडी तुझ्या खोलीत ठेवू नये म्हणतेस, बाहेर ठेवली तर तू अंथरुणात, गाडी तिकडे. बाहेर कशी पडशील?”

हा प्रश्न खरा होता. आणि उत्तर माळ्यावर होतं. हातांनी ढकलायची जुनी, घडीची खुर्ची. गाडी आली त्या दिवशी मी शपथ घेतली होती की हिचं तोंड बघणार नाही, आणि सहा वर्षं बघितलं नव्हतं. तिला बॅटरी नाही, दिवा नाही. उशाशी उभी राहिली तर काही खात नाही, काही मागत नाही. वीस पावलांपुरते माझे खांदे अजून कामाचे होते. शेजारच्या शिंप्याला बोलावून आम्ही ती उतरवली. बाबांनी चाकांना तेल घातलं, हवा भरली. गाडी बाहेरच्या खोलीत खिडकीखाली फरशीवर उभी केली, दाराची वाट मोकळी सोडून. प्लग भिंतीत घातला. चार्जरवर नारिंगी दिवा लागला. बाबांनी तळहात चार्जरवर ठेवून बघितला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग मनगटावरचं घड्याळ काढलं आणि त्यांच्या अंगात एकदम जुना माणूस आला.

“झोप अंथरुणावर,” ते म्हणाले. “मी ‘आग’ म्हटलं की निघायचं.”

पहिल्या खेपेला फळी हातातून निसटली आणि मी खुर्चीच्या कडेवर लोंबकळले. ते दोन पावलं पुढे आले आणि थांबले, हे मी बघितलं. थांबणं त्यांना किती जड गेलं असेल ते त्यांचं त्यांना माहीत. तीन मिनिटं दहा सेकंद. दुसऱ्या खेपेला फळी उशीखाली ठेवली. दोन मिनिटं पाच. तिसऱ्या खेपेला दाराची कडी सोडून उतारावरून खाली आले, धापा टाकत, केस तोंडावर, आणि मोठ्या मिजाशीत मागे वळून बघितलं. बाबा बाहेर नव्हते. आत, माझ्या खोलीच्या दारात, घड्याळ घेऊन उभे होते.

मी खुर्ची वळवली आणि उतार चढून परत आत गेले.

“बाहेर पडलेला माणूस परत आत येत नाही,” ते ओरडले. माझ्यावर ते क्वचितच ओरडतात. “हा पहिला नियम आहे.”

“तुम्ही चौतीस वर्षं दुसरं काय केलंत?”

“ती नोकरी होती.”

“मग तुम्ही केव्हा निघणार होता?”

“तू बाहेर पडलीस की.”

“आणि भोंगा ऐकू कसा येणार? यंत्र रात्री टेबलावर काढून ठेवता. तुम्हाला मला उचलायचं नाहीये, बाबा. मला तुम्हाला उठवायचंय.”

मी त्यांना समजावलं, तेही नळांचा उतार समजावते तसं. भोंगा वाजला की मी आपल्या मधल्या भिंतीवर काठी आपटणार, ती हाताशी असेल; तुमचा पलंग पलीकडून त्याच भिंतीला टेकलेला आहे, हादरा अंगाला बसेल. तुम्ही उठायचं, सरळ दारापर्यंत जायचं, कडी काढायची, दार सताड उघडायचं आणि बाहेर पडायचं. कडीपाशी माझं अर्धं मिनिट जातं, ते वाचेल. माझ्या खोलीत यायचं नाही. बघायलाही नाही.

“म्हणजे मी आधी निघायचं.”

“हो.”

“तू आत असताना.”

“हो.”

घड्याळ मी मागून घेतलं. चौथ्या खेपेला ते दारापर्यंत गेले आणि माझ्याकडे आले. पाचव्या खेपेला उंबऱ्यात थांबून वळून बघत राहिले, आणि मी त्यांच्यावर जाऊन आदळले. “वाट अडवलीत,” मी म्हटलं. त्यांच्या नोकरीत याहून मोठी शिवी नसावी. कान लाल झाले त्यांचे. उन्हं कलली होती. खिडकीखाली नारिंगी दिवा शांतपणे जळत होता, त्याला अजून मध्यरात्रीपर्यंतची मजल होती. बाबा पुन्हा पलंगावर जाऊन आडवे झाले, यंत्र काढून टेबलावर ठेवून. मी माझ्या अंथरुणावर पडून भिंतीवर काठी आपटली.

त्यांची पावलं माझ्या खोलीवरून गेली. हळू झाली नाहीत. कडी वाजली, दार भिंतीवर आपटलं आणि वाऱ्याचा झोत आत आला. मी फळीवरून सरकले, खुर्चीत बसले, बोळातून, गाडीच्या शेजारून, उघड्या दारातून, उतारावरून खाली. घड्याळात एक मिनिट अठरा सेकंद झाले होते. बाबा फाटकाशी उभे होते, माझ्याकडे पाठ करून, दोन्ही हातांच्या मुठी आवळून. यंत्राविना त्यांना माझी चाकं ऐकू येणं शक्य नव्हतं. मी खुर्ची नेऊन हळूच त्यांच्या पोटरीला टेकवली.

“आलीस?” त्यांनी मागे न बघता विचारलं.

“आले,” मी मोठ्याने म्हटलं.